कोंडाईची लेकरं

बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ बसत होता आणि चिंधाबाई शेजारच्या खडकावर बसून तो बघत होती.

"काय म्हणतंय पाणी?" तिनं विचारलं.

"बरं आहे. प्राणवायू भरपूर आहे."

"तुमाला दिसतो व्हय?"

"औषध घातल्यावर असा तपकिरी रंग आला की आहे. गाळ पांढरा राहिला की समजायचं, संपला."

तिनं बाटली हातात घेऊन उन्हाकडे धरली आणि परत दिली. "दुपारची लेकरं खाली असत्यात, बाई. तुमी सकाळी या. कोंबडं आरवायच्या वक्ताला. वर येऊन नुसती तोंडं उघडत्यात. भाकरीचा तुकडा टाकला तरी बघत नाय. अशी कधी करत नव्हती."

"येईन उद्या," मी म्हणाले.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, दुपारचे अडीच वाजले होते. ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बाटल्या खोक्यात भरल्या, खोलीवर आले आणि वहीत त्या दिवसाचे तिन्ही रकाने भरले. पहाट, दुपार, संध्याकाळ.

आंबेकोंड हे गाव सह्याद्रीच्या पाठीमागच्या उतारावर आहे. नदी तिथं डिसेंबरपर्यंत वाहते. मग तिचे डोह होतात, आणि एकेक करून आटतात. त्या वर्षी, सलग दुसऱ्या कोरड्या वर्षी, सात मैलांच्या नदीत एकच डोह उरला होता. त्याला कोंडाई म्हणतात. काठावर शेंदूर लावलेला दगड आहे, तीही कोंडाईच. डोहात खडस मासे होते, हातभर लांबीचे, सोनेरी खवल्यांचे. ते कुणी धरत नसे. ती देवीची लेकरं. देवीची सेवा चिंधाबाईच्या सासरी, असवल्यांच्या घरात होती आणि नवरा गेल्यापासून ती तिच्याकडे आली होती. रोज पहाटे ती दगडाला पाणी घालायची आणि माशांना भाकरी.

मी तिथं आमच्या कॉलेजच्या एका प्रकल्पावर होते. दुष्काळात नदीतले जीव काय करतात, याच्या नोंदी ठेवायच्या. दाबके सरांनी पहिल्याच दिवशी मला नदीच्या पात्रातून चालवत नेलं होतं. चिखलात शिंपल्यांनी ओढलेल्या रेघा दाखवल्या. पाणी मागे सरकलं तसे ते त्याच्यामागे सरकत गेले होते आणि काही वाटेतच वाळले होते. खेकड्यांनी बिळांची तोंडं चिखलानं लिंपून घेतली होती. गोगलगायी झाकण लावून बसल्या होत्या. चतुरांची पिल्लं एरवीपेक्षा लवकर पाण्याबाहेर येत होती, लहानखुऱ्या पंखांची.

"ज्याला उडता येतं तो उडून जातो," सर म्हणाले होते. "ज्याला पुरून घेता येतं तो पुरून घेतो. खडसाला दोन्ही येत नाही. तो डोहात येऊन थांबतो. म्हणून त्याच्यावर लक्ष ठेव. पाण्यातल्या प्राणवायूची नोंद दिवसातून तीनदा. आणि पहाटेची सोडायची नाही."

सरांनी मला हे काम मुद्दाम दिलं होतं. त्याच्या आठ महिने आधी माझा नवरा, संदेश, घाटात मोटरसायकलच्या अपघातात गेला. घरात बसू नकोस, असं सगळेच म्हणत होते. मी बसले नाही. आंबेकोंडच्या शाळेमागची एक खोली घेतली, स्टोव्ह आणला, बाटल्या मांडल्या. मी जेवत होते, कपडे धूत होते, कुणी बोललं तर उत्तर देत होते. मला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. भूल दिलेल्या हिरडीवर जीभ फिरवावी तसे दिवस जात होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात सरपंच खोलीवर आल्या. विमल केंगले. माझ्याच वयाच्या, तिशीतल्या. त्यांनी दारातच चपला काढल्या आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, आपल्या गावातली अलका पडली विहिरीत. तळाला उतरून वाटीनं पाणी भरत होती. पाय मोडला. नशीब म्हणायचं, पायच मोडला."

"टँकर?"

"पाच दिवस झाले. रस्ता खराब हाये म्हणतात. आश्रमशाळेच्या उरलेल्या पोरींनाही मी घरी धाडायला लावलं. घरी तरी कुठं पाणी हाये?" त्या खाली बसल्या. "कोंडाईत पाणी हाये. पंप हाये, पाईप हाये, टाकी रिकामी हाये. म्हातारी माणसं हात लावू देत नाहीत. लेकरं मरतील म्हणतात. मी त्यांना म्हटलं, कॉलेजच्या मॅडम महिनाभर पाणीच तपासतायत, त्यांना विचारू. त्या हो म्हणाल्या तर ऐकाल का? तर ऐकू म्हणाले."

मी वही मिटली.

"तुम्ही खोटं सांगा असं मी म्हणत नाही," विमलताई म्हणाल्या. "जे असंल ते सांगा."

दुसऱ्या दिवशी चार वाजता देवीपुढच्या वडाखाली लोक जमले. साठ-सत्तर माणसं होती. बायका एका बाजूला, रिकामे हंडे घेऊनच आलेल्या, कारण तिथून त्यांना पुढं विहिरीवर जायचं होतं. मी वही उघडली. डोहात दोन पुरुष पाणी आहे, म्हणाले. ते कमरेइतकं राहीपर्यंत उपसलं तरी मासे तग धरतील. मग प्राणवायूचे आकडे वाचून दाखवले. दुपारचे नऊ, साडेनऊ. संध्याकाळचे आठ. पहाटेचे सहा, पावणेसहा, सहा.

"त्याचा अर्थ काय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. गंगाराम लांडे. सभेत त्यांचा शब्द चालायचा.

"माशाला चार लागतो. इथं सगळ्यात कमी असतो तेव्हाही सहा आहे."

"सगळ्यात कमी कवा असतो?"

"पहाटे."

गंगारामबाबांनी मान वळवली. चिंधाबाई देवीच्या दगडाला टेकून बसली होती.

"चिंधे, तू रोज पहाटेची तिथं असतीस. तुझं काय म्हणणं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वहीत बघत होते तरी मला ते जाणवलं. वडावर कावळे भांडत होते.

"बाई शिकलेल्या हायेत," ती म्हणाली. "त्या म्हनत्यात तर असंल."

त्याच संध्याकाळी पंप बसला.

त्यानंतर रोज पाणी उपसलं. टाकीचे नळ सुरू झाले तेव्हा पोरं नळाखाली डोकी धरून ओरडत होती. घराघरांतून जात्याच्या दगडापासून गोधड्यांपर्यंत सगळं धुऊन निघालं, मग विमलताईंनी दारोदार जाऊन ते थांबवलं. फक्त प्यायला आणि रांधायला, म्हणाल्या. मला वाटेत बायका थांबवायच्या आणि चहाला बोलवायच्या. मी जायचे, बसायचे, कप खाली ठेवायचे. डोहाचं पाणी रोज थोडं खाली जात होतं आणि हिरवं होत होतं. दुपारचा माझा आकडा अकरावर गेला होता. हिरवं पाणी उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं, हे मला पाठ होतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ होतं.

दहाव्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं दाटलेलं. तीन दिवस ऊन पडलं नाही. अंगाला कपडे चिकटत होते.

चौथ्या दिवशी, उजाडायच्या आधी, दार वाजलं.

"बाई," चिंधाबाई बाहेरून म्हणाली. "चला."

तिनं मोठ्यानं हाक मारली नाही. मी दार उघडलं तेव्हा ती पाठ फिरवून चालायलाही लागली होती. मी बाटल्यांचं खोकं उचललं. का उचललं, माहीत नाही. हाताला सवय होती.

डोहावर पोचलो तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. पाण्यावर पांढरं काहीतरी पसरलं होतं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. ती पोटं होती. आधी मोठे मेले होते. हातभर लांबीचे काठाला लागून पडले होते, तोंडं उघडी, कल्ले पसरलेले. मधले अजून एका कुशीवर होऊन हळूहळू गोल फिरत होते. मरळ जातीचे मासे तेवढे जिवंत होते. त्यांना वरची हवा घेता येते. ते मेलेल्यांच्या मधून वर येऊन घोट घ्यायचे आणि परत खाली जायचे. कसलाच आवाज नव्हता. मला वाटलं होतं, एवढं काही मरताना आवाज होत असेल.

मी खाली बसले, बाटली बुडवली, औषधाचे थेंब टाकले, बूच लावलं आणि उलटी-सुलटी केली. गाळ पांढराशुभ्र राहिला.

चिंधाबाई माझ्या मागे उभी होती. "पांढरं," ती म्हणाली.

"हो."

"मंजे संपला."

"हो."

मी बाटली खाली ठेवली. "मावशी, मी पहाटे कधी आलेच नव्हते. एकदाही नाही. ते आकडे मी खोलीवर बसून लिहीत होते."

"ठावं हाये मला," ती म्हणाली. "मी रोज हितंच असते की."

मी तिच्याकडे वळून पाहिलं. तिच्या तोंडावर काही नव्हतं. ती पाण्यात उतरली, लुगडं गुडघ्याच्या वर खोचून, आणि एकेक मासा उचलून काठावर ठेवू लागली. फेकत नव्हती. ठेवत होती. मीही उतरले. पाणी कोमट होतं.

अर्ध्या तासात गाव आलं. मग एक बाई तोंडावर पदर धरून रडायला लागली आणि गंगारामबाबा देवीपुढं जाऊन आडवे झाले. विमलताई काठावर आल्या, सगळं बघितलं, माझ्यासमोर थांबल्या.

"हे कसं झालं?"

"पाणी कमी, मासे तेवढेच, त्यात तीन दिवस ऊन नाही. पहाटे प्राणवायू संपला."

"तुम्ही म्हणालात, पहाटे सहा असतो."

"तो मी मोजला नव्हता. खोटा लिहिला होता."

माझ्या आजूबाजूला दहा-बारा बायका होत्या. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, त्या माझ्या थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"हे नंतर बोलू," त्या म्हणाल्या. "काही जित्तं हाये का?"

तेव्हा वरच्या अंगाला, कपारीपाशी, चिंधाबाईनं हात वर केला. तिथं खडकातून करंगळीएवढा झरा यायचा. त्या बारीक धारेखाली, वीतभर पाण्यात, मासे एकमेकांना चिकटून उभे होते. सगळे तोंडं झऱ्याकडे करून. मी मोजले, अकरा होते. मोठा एकही नाही. वीतभर, सव्वा वीत.

"यांना काय लागंल?" विमलताईंनी विचारलं.

"ताजं पाणी. उंचावरून ओतलेलं, म्हणजे हवा मिसळते. ऊन वर येईपर्यंत." मग मला सुचलं. "टाकीत ब्लीचिंग पावडर टाकलीय का?"

"पावडर संपून चार दिवस झाले."

"मग ते पाणी चालेल."

टाकीत दोन दिवसांचं पाणी होतं. डोहातलं आता कुणाच्या तोंडात जाणार नव्हतं, आणि टँकरचा पत्ता नव्हता. विमलताईंनी कुणाला विचारलं नाही. त्या वर वळल्या आणि म्हणाल्या, "हंडे आणा गं."

ते दृश्य विसरणं मला शक्य नाही, पण तेव्हा मला काय वाटलं हे मला सांगता येत नाही. टाकीपासून डोहापर्यंत बायकांची रांग लागली. ज्या पाण्यासाठी त्यांनी विहिरीचे तळ खरवडले होते, ते पाणी डोक्यावरून खाली येत होतं. चिंधाबाईची सून, वंदना, आठव्या महिन्यातली, कळशी कमरेवर घेऊन रांगेत होती. कुणीतरी तिला हटकलं, तर ती म्हणाली, "रोजच उचलते की." पुरुषांनी दगडमाती लावून कपारीपुढं बांध घातला आणि खराब पाणी बाहेर अडवलं. मी खडकावर उभी राहून प्रत्येक हंडा डोक्याच्या वर धरून ओतत होते. हंडा, कळशी, बादली. हात भरून आले, मग बधिर झाले. ते तरी मला ओळखीचं होतं.

नऊ वाजता आभाळ फाटून ऊन पडलं. अकरांपैकी सात उरले होते.

बाकीचे आम्ही नदीच्या पात्रातच खड्डा करून पुरले. कुणी खाल्ले नाहीत. पुरताना मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी मोजले. तीनशे बारा.

दुपारी विमलताई दुधाच्या गाडीतून तहसीलला गेल्या आणि दोन दिवस तिथल्या पायऱ्यांवर बसून टँकर घेऊनच आल्या. तो पुढं एक दिवसाआड येत राहिला. 'हे नंतर बोलू' म्हणाल्या होत्या, पण ते आम्ही कधीच बोललो नाही. गावानंही मला शिव्या दिल्या नाहीत. चहाला मात्र पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मी कॉलेजला जाऊन वही सरांच्या टेबलावर ठेवली. पहाटेचा पूर्ण रकाना लाल शाईनं खोडला होता.

"सगळ्या नोंदी?" सरांनी विचारलं.

"सगळ्या."

"झोपेतून उठवत नव्हतं का?"

मी नाही म्हणाले. झोपलेली मी नसायचेच. संदेशचा फोन, म्हणजे त्याच्या फोनवरून कुणा परक्या माणसानं केलेला फोन, पाच वाजायला दहा मिनिटं असताना आला होता. तेव्हापासून रोज त्या वेळेला माझे डोळे टक्क उघडे असायचे. मी छताकडे बघत पडून राहायचे. पाय जमिनीवर टेकवायचे एवढंच होतं, आणि ते होत नव्हतं. डोह खोलीपासून चारशे पावलांवर होता. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि वही खणात ठेवली. प्रकल्प तिथंच थांबला. मला पुढं शिकवायची नोकरी मिळाली, ती दुसऱ्या गावात, शाळेत. तिथं मी मुलांना नदी शिकवते.

पण त्याआधी मी आंबेकोंडला परत गेले. पगार बंद झाला होता. कुणी बोलावलंही नव्हतं. सात मासे होते, आणि पहाटे त्यांच्यावर कुणीतरी पाणी ओतायला हवं होतं. पहिल्या पहाटे मी उठले, पाय जमिनीवर टेकवले आणि चालायला लागले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. चिंधाबाई आधीच तिथं होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, सरकून जागा दिली. झऱ्याचं पाणी रात्रभर एका घमेल्यात साठवलेलं असायचं. त्यात बांधातलं पाणी मिसळून ती कळशी भरून द्यायची आणि मी खडकावरून ओतायचे. उजाडेपर्यंत. असं चव्वेचाळीस पहाटा चाललं. जूनच्या शेवटी वरून लोंढा आला, बांध वाहून गेला. तोवर सातांचे चार राहिले होते. ते वर गेले की खाली, आम्हाला दिसलं नाही. पुढच्या दोन वर्षांत डोहात पुन्हा बोटभर पिल्लं दिसली, असं विमलताईंनी एका ओळीचं कार्ड पाठवून कळवलं. कार्डावर खाली सही होती. बाकी काही नव्हतं.

त्या पहाटांपैकी एका पहाटे, वंदनाला मुलगा झाल्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी, मी चिंधाबाईला विचारलं. इतके दिवस विचारायचं राहिलं होतं असं नाही. ऐकायची तयारी नव्हती.

"मावशी, मी खोटं बोलतेय हे तुम्हाला ठाऊक होतं. गंगारामबाबांनी सभेत तुम्हाला विचारलंसुद्धा. मग बोलला का नाहीत?"

ती कळशी भरत होती. भरून होईपर्यंत ती थांबली.

"माझी सून पोटुशी, दोन कोसांवरनं हंडा आणायची," ती म्हणाली. "सभेच्या आदल्याच दिवशी वाटंत बसली होती, कंबर धरून. अंगावरनं गेलं होतं थोडं. म्या म्हटलं, ही बाई खोटं बोलतीया तर बोलू दे. पाप तिच्या डोक्यावर जाईल."

अंधारात पाणी थेंब थेंब पडत होतं.

"लेकरं कोंडाईची होती, बाई. पोटातलं माझं होतं."

तिचा आवाज हलला नाही. कळशी मात्र हिंदकळत होती, पाणी तिच्या पायांवर सांडत होतं, आणि ते तिला कळत नव्हतं. मी तिच्या हातांतून कळशी घेतली, खाली ठेवली. मग तिचे दोन्ही हात माझ्या हातांत धरले. गार होते, भिजलेले. किती दिवसांनी मी कुणाचा हात धरला होता, ते मला त्या क्षणी महिन्यांत आणि दिवसांत नेमकं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी रडायला लागले. ती रडली नाही. ती म्हणाली, "रडा, पण वता. उजाडायला लई येळ हाये अजून."

मी कळशी उचलली.